अमावस्येचं स्टेअरिंग

माझ्यात दोष असू शकतो, ही शक्यता मी आयुष्यात सगळ्यात शेवटी तपासते. तेहेतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवल्याचा हा परिणाम. प्रयोगाचं उत्तर चुकलं की एक तर पोरांनी आकडा चुकीचा वाचलेला असायचा, नाहीतर उपकरण मोडकं असायचं. बाई चुकल्या असतील, असं भरल्या वर्गात म्हणायची कुणाची छाती? त्यामुळं गेल्या वर्षी माझ्या गाडीचं स्टेअरिंग मधूनच जड व्हायला लागलं, तेव्हा दोष गाडीचाच आहे याबद्दल मला तिळभर शंका नव्हती. शंका बाकीच्यांना होती.

गाडी सतरा वर्षांची आहे, करड्या रंगाची, डाव्या दाराला पोचा. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत स्वतःच्या पगारातून गाडी घेऊन ती स्वतः चालवणारी पहिली बाई मी. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. आमचे हे, म्हणजे विजयसिंह, बिद्रीच्या साखर कारखान्यात ऑफिसात होते, आता रिटायर झालेत. ते गाडी चालवायला कधी शिकलेच नाहीत. सतरा वर्षं ते माझ्या डाव्या हाताला बसलेत, दारावरच्या कडीला धरून. माणूस अबोल. घरातला बोलण्याचा सगळा कोटा मी एकटी उचलते, आणि कमी पडला तर त्यांचाही वापरते.

तर स्टेअरिंग. पहिल्यांदा ते जड झालं ते सकाळी दहाच्या सुमाराला, लायब्ररीला जाताना. गल्लीच्या तोंडाशी वळायला गेले तर इंजिनातून ‘चीं’ असा आवाज आला आणि चाक वळेचना. जात्यात खडा अडकावा तसं. मी दोन्ही हातांनी ओढतेय, गाडी आडवी, मागं रिक्षा, रिक्षाच्या मागं टेम्पो.

“ओ म्याडम, वळवा की! का मुक्काम करताय हितंच?” रिक्षावाला ओरडला.

कशीबशी वळवली. दुसऱ्या दिवशी थोडी जड, तिसऱ्या दिवशी एकदम हलकी, एका बोटानं फिरावी अशी. म्हणजे तक्रार करायचीही सोय नाही.

जुन्या गाड्यांत स्टेअरिंगला जोर द्यायला तेलाचा एक पंप असतो. तो इंजिनाच्या बळावर एका रबरी पट्ट्यानं फिरतो. पंपानं काम सोडलं, की गाडीचा सगळा भार आपल्या दोन दंडांवर येतो. हे मी घरी, शेजारी आणि फोनवरून पुण्याला विश्वजितला, म्हणजे आमच्या मुलाला, व्यवस्थित समजावून सांगितलं. ऐकणाऱ्या प्रत्येकानं शेवटी माझ्या दंडांकडं बघितलं. विश्वजितला फोनवरून बघता येत नव्हतं, म्हणून त्यानं सरळ विचारलं, “आई, तुझा तो खांदा धरला होता ना, तो बरा आहे का?”

नाचता येईना अंगण वाकडं, असं सगळ्यांचं माझ्याबद्दल मत झालं. मी चिडले.

गाडी घेऊन उद्यमनगरात हंबीररावाच्या गॅरेजवर गेले. हंबीरराव माझा विद्यार्थी. बारावीला फिजिक्समध्ये मीच त्याला नापास केलं होतं, आणि ते आम्ही दोघंही विसरलेलो नाही. त्यानं गाडी गॅरेजच्या आवारात गोल गोल फिरवली. अर्थातच त्या दिवशी ती लोण्यासारखी चालली.

“बाई, हलकं हाय की. काय बी न्हाय झालेलं.”

“मधूनमधून होतं, हंबीरराव.”

“मधनंमधनं व्हय,” असं म्हणून त्यानंही माझ्या दंडाकडं बघितलं.

मग मी त्याला शास्त्रीय पद्धत काय असते ते सांगितलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम बघायचा. त्याप्रमाणं पहिल्यांदा पंपाच्या डबीतलं तेल वाढवलं. पंचवीस दिवस स्टेअरिंग उत्तम. मी विश्वजितला फोन करून विजय जाहीर केला. सव्विसाव्या दिवशी पुन्हा गल्लीच्या तोंडाशी ‘चीं’. मग चाकांतली हवा नीट केली, पुन्हा तीन आठवडे उत्तम, पुन्हा विजय, पुन्हा ‘चीं’. मग सगळं तेल काढून नवीन भरलं. मग पंपच बदलला. प्रत्येक उपाय लागू पडायचा आणि प्रत्येक उपाय महिन्याभरात उतरायचा. बाबाच्या अंगाऱ्याचं असंच असतं, हे मी महिला मंडळांत भाषणं करून करून घसा बसेपर्यंत सांगितलेलं आहे. पण स्वतःच्या अंगाऱ्याला मी प्रयोग म्हणत होते.

पंप बदलताना हंबीरराव म्हणाला होता, “बाई, ह्यो पट्टा जरा चिकट लागतोय हाताला. ह्येच्यावर काय सांडलंय का बघू?”

मी त्याला हवेतली आर्द्रता आणि रस्त्यावरची धूळ यांवर पंधरा मिनिटं सांगितलं. पोरगा गरीब, त्यानं पट्टा फडक्यानं पुसला आणि गप बसला. तिथंच मी गप बसले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती.

भाषणांचा विषय निघाला म्हणून एक सांगायला हवं. ‘विज्ञान आणि आपण’ हे माझं भाषण सगळीकडं गाजलेलं आहे. त्यात एक किस्सा हमखास टाळ्या घेतो. नवीन गाडी आणली तेव्हा आमच्या ह्यांनी पुढं लिंबू-मिरची बांधली होती. मी मिरच्यांची फोडणी केली, लिंबाचं सरबत केलं आणि ह्यांनाच प्यायला दिलं. “आणि नवऱ्याची दृष्ट अशी उतरली, की तो अजून खाली बघून चालतो!” या वाक्याला अख्खा हॉल फुटायचा. हे मागच्या रांगेत बसलेले असायचे, कारण प्रोजेक्टर त्यांनी उचलून आणलेला असायचा. तेही हसायचे. त्या दिवसानंतर त्यांनी गाडीला कधी काही बांधलं नाही, आणि मी तो माझा सर्वांत मोठा शैक्षणिक विजय मानत होते.

दुसरा किस्सा माझ्या ड्रायव्हिंगचा. गेल्या गळिताच्या हंगामात आम्ही बिद्रीहून परत येत होतो. संध्याकाळची वेळ. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागं दिवा नाही की लाल कापड नाही. ऐन वेळी मी असं चाक मारलं, की गाडी उसाच्या टोकांना घासून बाहेर निघाली. डाव्या दाराचा पोचा तेव्हाचा. ह्यांच्या बाजूचा. दुसरा ड्रायव्हर असता तर दोघंही गेलो असतो, असं मी सगळ्यांना सांगत असे.

तर अशा ड्रायव्हरच्या हातांवर घरच्यांनीच संशय घ्यावा! गणपतीच्या सुट्टीत विश्वजित आला तेव्हा त्यानं निकालच दिला.

“आई, सरळ बोलतो. सगळं बदलून झालं तरी गाडी जड होतेय, म्हणजे ते गाडीचं नाही. तू साठ वर्षांची आहेस. मी पुढच्या महिन्यात येतो आणि गाडी घेऊन जातो. तिकडं विकून टाकू. इथं तुम्हाला हवी तेव्हा भाड्याची गाडी मागवू, ड्रायव्हरसकट.”

ड्रायव्हरसकट! त्या गाडीनं मला या गल्लीत ‘विजयसिंहांची बायको’ची ‘गाडीवाल्या बाई’ केलं होतं. ती गेली म्हणजे मी मागच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसणार.

“आणि दोष गाडीतच निघाला तर?” मी विचारलं.

“तर गाडी तुझी. मी स्वतः चालवून बघेन. माझ्या हाताला जड लागली तर पुन्हा हा विषय काढणार नाही.”

“लिहून दे.”

त्यानं दुधाच्या चिठ्ठीवर लिहून दिलं. हे कोपऱ्यात बसून शेंगा सोलत होते.

आता प्रश्न असा की विश्वजित येईल त्या दिवशी स्टेअरिंग जड पाहिजे. माझ्याकडं वही होती. तारीख, तापमान, टाकीतलं पेट्रोल, एसी चालू की बंद, गाडीत माणसं किती, सगळं लिहिलेलं. तिचे चार आलेख काढले, चारांतून काही निघेना. शेवटी जड दिवसांच्या तारखांना भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल टिकल्या केल्या आणि सगळे महिने जमिनीवर पसरून बसले. तेवढ्यात शालूबाई दूध घेऊन आल्या. आमच्याकडं वीस वर्षं दूध घालतात. त्यांना अक्षर वाचता येत नाही, पण कॅलेंडर येतं.

“हे काय मांडलंयसा?” त्या वाकून बघत म्हणाल्या. “समद्या आमुशाच लाल केल्यात की!”

मी बघितलं. दर महिन्याला काळा गोल, आणि त्याला चिकटून माझी लाल टिकली. कुठं त्याच दिवशी, कुठं दुसऱ्या दिवशी. अकरापैकी अकरा.

“योगायोग आहे,” मी म्हटलं. “कावळा बसायला आणि फांदी तुटायला.”

“अकरा येळंला त्योच कावळा व्हय?” शालूबाई म्हणाल्या आणि माप ओतून निघून गेल्या.

मी दार लावून घेतलं. आयुष्यभर अमावस्येला प्रवास करा, अमावस्येला खरेदी करा, अमावस्येला केस धुवा असं लोकांना सांगत फिरले, आणि माझ्याच वहीनं, माझ्याच अक्षरात, मला अमावस्या बाधते असं सिद्ध केलं होतं. चंद्राच्या ओढीचा पंपाच्या तेलावर परिणाम होतो का, याचं गणितसुद्धा मी मांडून बघितलं. होत नाही. समुद्राला भरती येते, चमचाभर तेलाला येत नाही.

पण गाडी वाचवायची होती. विश्वजित रविवारी येतो म्हणाला, तर मी कॅलेंडर बघितलं आणि म्हटलं, “हा रविवार नको. पुढच्या शुक्रवारी रात्रीपर्यंत ये, शनिवारी सकाळी गाडी बघू.” शनिवारी अमावस्या होती. आमच्या गल्लीतले लोक लग्नाचा मुहूर्त काढतात तसा मी बिघाडाचा मुहूर्त काढला, आणि कुणाला सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी नेहमीप्रमाणं साडेपाचला रंकाळ्यावर फिरायला निघाले. विश्वजित वरच्या खोलीत झोपला होता. पण निम्म्या वाटेतून माझं मला राहवेना. प्रयोगाआधी उपकरण तपासायचं असतं. पत्र्यावर दव किती आहे, पट्टा कोरडा आहे का, हे बघून ठेवावं म्हणून मी माघारी वळले.

फाटकापाशी आले तर गाडीचं बॉनेट उघडं.

पुढं हे उभे. आंघोळ झालेली, अंगात बनियन, कपाळाला गंध. इंजिनाच्या कडेवर हळदकुंकवाची पाच बोटं ओढलेली. एका हातात फोडलेला नारळ. त्यातलं पाणी ते इंजिनावर ओतत होते, देवाला घालावं तसं, सावकाश. मग शनिवारची म्हणून तेलाची वाटी उचलली आणि तीही यंत्रावर उपडी केली. खाली रबराचा पट्टा होता, आणि पट्टा न्हाऊन निघाला.

मी आत जाणार होते. ‘सापडलं!’ असं ओरडण्यासाठी तोंड उघडलंसुद्धा होतं. तेवढ्यात हे बोलायला लागले. आमचे हे, जे दिवसात दहा वाक्यं बोलत नाहीत, ते गाडीशी बोलत होते.

“तुला काय जास्त मागत न्हाय,” ते म्हणाले. “ही बोलाय लागली म्हंजे रस्त्याकडं बघत न्हाय. माझ्याकडं तोंड करून बोलती. मी गप म्हणालो तर आनी बोलती. तवा तू बघ रस्त्याकडं. एवढं काम कर माझं.”

मी फाटकाबाहेरच उभी राहिले.

बिद्रीच्या रस्त्यावरची ती संध्याकाळ मला तोपर्यंत फक्त माझ्या बाजूनं आठवत होती. आता दुसऱ्या बाजूनं आठवली. मी त्यांच्याकडं तोंड करून बोलत होते. काय बोलत होते तेही आठवलं. गाडीला लिंबू बांधून अपघात टळत नसतो, टळतो तो चालकाच्या लक्षामुळं, हे मी त्यांना उदाहरणं देऊन समजावत होते. ते “अगं, अगं” म्हणाले होते. मला वाटलं, मुद्दा खोडतायत. मी म्हटलं, “मला बोलू द्या.” मग ट्रॉली.

मी चाक मारून वाचवलं हे खरं आहे. वाचवायची वेळ कुणी आणली, हा भाग मी किस्स्यातून गाळला होता. आणि ह्यांनी तो कधी कुणाला सांगितला नाही. विश्वजितला नाही, मलासुद्धा नाही. फक्त गाडीला सांगितला. आणि तेही मी घरात नसताना, कारण घरात असते तर त्याचा पुढचा किस्सा झाला असता.

मला लाज वाटली. इतकी, की मी पुन्हा रंकाळ्याच्या दिशेनं चालू लागले आणि चांगली अर्ध्या तासानं, चपला वाजवत, खोकत परत आले. बॉनेट बंद होतं. हे पेपर वाचत होते. नाश्त्याला पोहे होते, वर ओलं खोबरं भरपूर. दर महिन्याला एकदा ह्यांना स्वतः पोहे करायची हुक्की यायची आणि “नारळ चांगला मिळाला” असं ते म्हणायचे. वर्षभर मी तो पुरावा चमच्यानं खात आले होते आणि वर “मीठ कमी आहे” म्हणत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

नऊला निघालो. विश्वजित चालवायला, मी शेजारी, हे मागं. गल्लीच्या तोंडाशी ‘चीं’ झालं. शनिवारच्या तेलानं नेहमीपेक्षा मोठं झालं.

“अरे!” विश्वजितनं दोन्ही हात लावले. मानेच्या शिरा दिसायला लागल्या. “आई, हे खरंच जड आहे गं! तू हे कसं ओढत होतीस?”

ज्या वाक्यासाठी मी वर्षभर झुरत होते ते वाक्य आलं, आणि मला त्याचं काहीच वाटेना. मी आरशातून मागं बघत होते. हे खिडकीबाहेर बघत होते. कडी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

उद्यमनगरापर्यंत वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत माझ्या डोक्यात भाषण तयार झालं. खोटं कशाला बोलू? सवय आहे. ‘पतीनं पाजलं तेल आणि पत्नीचं स्टेअरिंग फेल’. हॉल फुटला असता. लिंबाच्या किस्स्यापेक्षा हा दसपट चांगला होता. त्यात मी नेहमीसारखी शहाणी होते आणि मागच्या रांगेत प्रोजेक्टरपाशी बसलेला माणूस हसत होता. तो कसा हसायचा ते मी पहिल्यांदा आठवून बघितलं. ओठ हसायचे, आणि नजर पायाशी असायची.

हंबीररावानं बॉनेट उघडलं. आत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, मग परत आत. पट्ट्यावरून तेल गळत होतं. घाईत पुसायचं राहिलेलं कुंकू पाच बोटांनी ओढलेलं तसंच होतं, आणि पंपाच्या मागं नारळाच्या शेंडीचा एक धागा अडकला होता.

“बाई, ह्यो पट्टा अभ्यंगस्नान करून आलाय की!” तो म्हणाला. “तेल, नारळपाणी, कुंकू... आवो, पूजा केलीया कुणीतरी! आतल्या आत! कुणी केलं ह्ये?”

गॅरेजमधली चार माणसं हातातली कामं टाकून आली. विश्वजितनं वळून वडिलांकडं बघितलं. ह्यांचा हात कपाळाच्या गंधाकडं गेला, तोंड उघडलं.

“मी,” मी म्हटलं.

“तुम्ही?” हंबीररावाच्या हातातला पाना खाली आला.

“दर अमावस्येला. नारळाचं पाणी आणि तेल. वर्ष झालं.”

“आई, तू?” विश्वजित म्हणाला. “तू तर भाषणं...”

“हो. मी तर भाषणं.”

मग हंबीरराव जो हसायला लागला तो टायरच्या ढिगावर बसूनच हसला. बाकीचे चौघं त्याला सामील झाले. शेजारच्या लेथवरचा माणूस काय झालं म्हणून विचारायला आला आणि तोही हसायला लागला. मी मध्ये उभी होते. हॉल फुटतो तेव्हा आतून कसं वाटतं ते मला साठाव्या वर्षी कळलं. कानांच्या पाळ्या तापतात आणि हात कुठं ठेवायचे सुचत नाही.

“बाई,” हंबीरराव डोळे पुसत म्हणाला, “रबराच्या पट्ट्याला तेल-पाणी लागलं की घर्षण कमी हुतं. घर्षण कमी झालं की पट्टा सरकतो. पट्टा सरकला की पंप फिरत न्हाय, आन स्टेरिंग जड हुतं. दोन-चार दिसांत त्ये उडून गेलं की परत हलकं. घर्षणाचा धडा तुम्हीच शिकिवलासा. आन त्याच धड्यात मला नापास केलंसा.”

“हो.”

“आता किती मार्क देतासा?”

“पैकीच्या पैकी,” मी म्हटलं. “त्या वेळचेसुद्धा.”

नवीन पट्टा बसला आणि स्टेअरिंग एका बोटावर फिरायला लागलं. विश्वजितनं शब्द पाळला. दोष गाडीतच होता, गाडी माझी राहिली. परत येताना मात्र तो दोन वेळा म्हणाला, “आई, एखाद्या डॉक्टरशी बोलूया का? ताण असतो या वयात.”

संध्याकाळी तो पुण्याला गेल्यावर हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“मी सांगणार हुतो तितं,” ते म्हणाले.

“माहीत आहे.”

“मग तू का मधी...?”

“तुमच्यावर लोक हसतात ते मी पुष्कळदा ऐकलंय. मीच हसवलंय.” एवढंच मला बोलता आलं. ह्यांनी माठातलं पाणी आणून दिलं.

शालूबाईंनी दुधाबरोबर ही बातमी चाळीस घरी घातली. गल्लीत मला आता ‘आमुशाच्या बाई’ म्हणतात. ज्या महिला मंडळात माझं भाषण गाजलं, त्यांनीच ‘वाहनपूजेचं महत्त्व’ या विषयावर बोलायला बोलावणं धाडलं. ह्यांना हे सहन झालं नाही. एक दिवस ते एकटे बसनं उद्यमनगरात गेले आणि हंबीररावाला म्हणाले, “ते मी केलतं. बाईंनी न्हाय.”

हंबीररावानं त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाला, “साहेब, बास करा आता. बायकोपायी माणसानं किती खोटं बोलावं!”

हे ऐकून ह्यांनी गल्लीत चार जणांना सांगितलं. चौघांनी त्यांच्या पाठीवर हात फिरवला. बायका आपापल्या नवऱ्यांना म्हणायला लागल्या, “बघा, नवरा असावा तर विजयसिंहांसारखा, बायकोचा आळ अंगावर घेतो.” विश्वजितचा फोन आला, “बाबा, तुम्ही ग्रेट आहात.” म्हणजे केलं त्यांनी, नाव माझं खराब, आणि मोठेपणा परत त्यांनाच. आता हे सगळं मी लिहिते आहे, तर तुम्हीही म्हणाल की बाई सारवासारव करतायत. ह्यांना विचारूनच लिहिते आहे. ते म्हणाले, “लिव्ह की. कोन इस्वास ठेवतंय?”

पुढच्या अमावस्येला मी फिरायला गेले नाही. नारळ फाटकापाशी, उजेडात, चाकापुढं दगड ठेवून फोडला. ह्यांनी फोडला, मी ताट धरलं. नारळाचं पाणी पट्ट्यापासून चांगलं चार फूट लांब पडतंय याची मी खात्री करून घेतली. त्यापलीकडं त्या विषयावर मी काही बोलले नाही.

मग बिद्रीला निघालो. ह्यांच्या जुन्या मित्राकडं जेवण होतं. गळीत सुरू झालं होतं, रस्त्यावर ट्रॉल्याच ट्रॉल्या. मी दोन्ही हात चाकावर, डोळे समोर, तोंड बंद. पाच मैल गेले, दहा मैल गेले. ह्यांनी दोनदा माझ्याकडं बघितलं. मी तरी बोलले नाही. शेवटी त्यांनी दाराच्या कडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

“बोल की काहीतरी,” ते म्हणाले. “एवढी गप कशानं? बिघाड झालाय काय?”